कुरडई फर्न आणि बाबांनी पकडलेली कीड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी पांढुर्ण्याच्या फुलवाल्या काकूंचं नाव सांगतो. आई-बाबांचं सांगत नाही, कारण ते घरचे. त्यांनी केलं त्याला उपकार म्हटलेलं त्यांनाच आवडणार नाही. काकू आमच्या नात्यातल्या नाहीत, गावातल्याही नाहीत. पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांचं हार-फुलांचं दुकान आहे आणि लग्नातली स्टेजं सजवण्याचं काम त्या कित्येक वर्षांपासून करतात. आज मी सौंसरजवळ, बोरगावच्या वाटेवरच्या आमच्या संत्र्याच्या बागेत, सजावटीसाठी लागणारं फर्न पिकवतो. हे काम मला त्यांच्यामुळे सापडलं आणि त्यांच्यामुळेच टिकलं.

फर्न म्हणजे काय, हे नाव माहीत नसलं तरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सत्काराच्या गुच्छात गुलाबाच्या मागे जे हिरवं, पिसासारखं पान असतं ते. आमच्याकडे शाळा हिंदी, तिथल्या पुस्तकात त्याला पर्णांग म्हणत, पुढे मराठी पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की ते नेचे, आणि बाजारात सगळे फर्नच म्हणतात. फूल नाही, फळ नाही, वास नाही. पण ते काढून घेतलं की गुच्छ लगेच उघडाबोडका दिसतो.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. पांढुर्ण्याला बी.एस्सी. करत होतो तेव्हा फाइलीत लावायला एक बिनफुलाची वनस्पती हवी होती. मी विहिरींच्या कडा धुंडाळल्या, काही मिळालं नाही. बसची वाट बघताना काकूंच्या दुकानासमोर सुकलेल्या फर्नचा ढीग दिसला.

“काकू, हे फेकलेलं पान घेऊ का जी?”

“कायले? गायीले?”

“नाही जी. कॉलेजच्या फाइलीत लावाचं हाय.”

त्या हसल्या. त्यांचे हात ओले होते, मनगटानंच त्यांनी ढीग माझ्याकडे सरकवला. “घे, सगळंच घे. डोंगरातून निघते, नागपूरले येते, तिथून माह्याकडं. येते तवाच अर्धं मेलेलं असते. काय शिकून राहिला तू?”

“वनस्पतीशास्त्र.”

“मंग सांग बरं, हे आपल्या इकडं काऊन नाही होत?”

“उष्णता जास्त आहे ना काकू.”

“पुस्तकात लिहून हाय, का तू लावून पाह्यलं?”

तोवर कोणीच मला असं विचारलं नव्हतं. शाळेत, कॉलेजात, सगळीकडे पुस्तकात लिहिलेलंच विचारत, आणि मी ते बरोबर सांगत असे.

पदवी झाल्यावर काकूंनीच पुण्याकडच्या एका रोपवाटिकेत माझ्यासाठी फोन केला. त्यांना गुलाब पाठवणाऱ्या माणसाची तिथे ओळख होती. मी तिथे सहा महिने शिकलो आणि परत येताना सजावटीसाठी नव्यानं निघालेल्या फर्नच्या आठ जातींची रोपं खोक्यात घालून, मांडीवर धरून घेऊन आलो. जुनं फर्न सगळ्यांना माहीत आहे, त्रिकोनी, जाड. या नव्या जाती निराळ्या होत्या. एकीच्या प्रत्येक पानाच्या टोकाला झालर फुटलेली. एकीवर निळसर झाक. एकीचे दाते इतके सरळ की जणू कोणी पट्टी लावून कापलेत. आणि एकीच्या कडा अशा नागमोडी, कडक, की तळून काढल्यासारख्या वाटाव्यात. त्यांची मूळ नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. काकूंनी ती एकदा ऐकली आणि म्हणाल्या, “हे म्हणता म्हणताच पान सुकन.” मग त्यांनीच नावं ठेवली. झालर, निळी, कंगवा आणि कुरडई.

बागेच्या ईशान्य कोपऱ्यात थोडी मोकळी जागा होती. तिथे बाबांना संत्र्याची नवी कलमं लावायची होती. मी हिरवी जाळी बांधायला तोच कोपरा मागितला, कारण दोन बाजूंनी मोठ्या झाडांची सावली होती आणि विहीर जवळ होती.

बाबा म्हणाले, “एवढा शिकला आन पाला लावते?”

“त्या पाल्याला मागणी आहे बाबा.”

“कोणाची?”

“काकूंची.”

“ती बाई स्टेजवर लावन तुह्या शेतातला पाला? खऱ्या लग्नात?” बाबांनी विचार केला. ते रागीट नाहीत, पण त्यांना गोष्ट पक्की लागते. “ठीक हाय. दोन लग्नसराया देतो तुले. दुसरी संपाच्या आत तिनं एका लग्नात तुह्या पानाचं स्टेज केलं तर जाळी राहीन. नाही केलं तर जाळी काढू, कलमं लावू, आन तू पटवारीच्या सरकारी नोकरीचा फॉर्म भरशीन. मंजूर?”

मी मंजूर म्हणालो. आई मध्येच म्हणाली, “फॉर्म तर आताच भरून ठेव ना, भरून ठेवला तर काय बिघडते?” पण बाबांनी तिला थांबवलं. सौदा म्हणजे सौदा.

पहिल्या उन्हाळ्यात आठपैकी चार जाती गेल्या. निळी तर चैत्रातच गेली. मी जाळी दुहेरी केली, बारीक फवारे बसवले, खाली नारळाचा भुसा घातला. उरलेल्यांत कुरडई सगळ्यांत चिवट निघाली. पावसाळ्यात तिनं अशी पानं टाकली की मला वाटलं, आता जिंकलो. ताजी, पोपटी, चमकदार पानं कापली, जुड्या बांधल्या आणि बसनं पांढुर्ण्याला गेलो.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. काकूंनी जुडी सोडली, एक पान गालाला लावलं. फर्न तपासायची त्यांची हीच रीत आहे, हात कायम ओले असल्यामुळे हाताला काही कळत नाही म्हणून. मग त्यांनी जुडी तशीच माझ्या हातात परत दिली.

“ने वापस.”

“का काकू? रंग पाहा ना किती छान आहे.”

“रंगच हाय निरा. कवळं हाय हे. अर्ध्या तासात मान टाकन. नवरदेवाच्या मागं काय मी मान टाकलेलं पान लावू?”

गिऱ्हाइकं हसली. मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो. सौंसर येईपर्यंत जुडीतली पानं खरोखरच लोंबायला लागली होती.

पण पुढच्या आठवड्यात काकूंनीच निरोप पाठवून बोलावलं. दुकानात देवाच्या फोटोखाली एक फळी होती. ती त्यांनी रिकामी केली आणि तिच्यावर काचेच्या बाटल्या ओळीनं मांडल्या. “आठवड्याले येत जा. थोडं कवळं आण, थोडं जून आण, थोडं मधलं. इथं ठेव. कोणतं किती दिवस टिकते ते आपण दोघं पाहू. मले पुस्तक येत नाही, तुले पान येत नाही. मिळून काही तरी होईन.”

वर्षभर आम्ही तेच केलं. कधी मी स्वतः जायचो, कधी जुड्या बसनं पाठवायचो, सोबत एक चिठ्ठी असायची. कधी कापलं, कोणत्या ओळीतलं, पाणी किती होतं. काकूंना फोन करून उपयोग नसे, ओल्या हातानं त्या फोन उचलत नाहीत. चिठ्ठी मात्र त्या गल्ल्याखाली जपून ठेवत. त्या बाटल्यांमधून मला कळलं की पानाच्या मागच्या बाजूला ठिपके उमटले की पान पक्कं झालं. ठिपके फिकट असताना कापलं तर ते बाटलीत आठवडाभर ताठ राहतं, आणि ठिपके तपकिरी होऊन भुकटी सांडायला लागले तर पान टिकतं पण खालची पांढरी चादर मळवतं. ते ठिपके म्हणजे फर्नचं बी, बीजाणू. कॉलेजच्या परीक्षेत मी त्यांची आकृती काढून, नावं देऊन पूर्ण गुण मिळवले होते. पण ते कापणीचं घड्याळ आहे हे मला काकूंच्या फळीवर कळलं.

हे सगळं मी काकूंना सांगत होतो, त्या मला सांगत होत्या. घरी मात्र मी यातलं काहीच सांगितलं नाही. मला वाटायचं, बाबांना संत्र्यातलं कळतं, यातलं काय सांगायचं. ही माझी चूक होती आणि ती मला पुढे चांगलीच भोवली.

दुसरी लग्नसराई सुरू झाली. मार्गशीर्षात पांढुर्ण्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं. काकूंनी चिठ्ठी पाठवली: “स्टेजची पूर्ण मागची भिंत कुरडईची करते. बाहेरून फर्न मागवलं नाही. तुह्यावर हाय.” मी ती चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “पाहू.” पण त्या दिवशी त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारून सांगितल्याचं मी ऐकलं, “आमच्या पोट्ट्याचं पान चाललं पांढुर्ण्याले, लग्नात.”

लग्न रविवारी संध्याकाळी होतं. गुरुवारी सकाळी मी पांढुर्ण्याला गेलो, कारण बांबूची चौकट पानाच्या लांबीप्रमाणे बांधायची होती. दोन दिवस मित्राच्या खोलीवर राहिलो. शनिवारी सकाळी परत येऊन पानं कापायची आणि दुपारच्या बसनं न्यायची असं ठरलं होतं. जाताना बाबांना म्हणालो, “फक्त दुपारी फवारे सुरू करा, बाकी काही करू नका.”

शनिवारी मी सरळ जाळीत गेलो. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. सगळी झाडं जावळ काढलेल्या पोरांसारखी दिसत होती. मधोमध कोवळी, पोपटी पानं तेवढी उभी होती. पक्कं पान एकही नव्हतं.

“बाबा! पानं कुठं गेली?”

बाबा संत्र्याच्या ढिगाजवळ फळं निवडत बसले होते. ते शांतपणे उठले, धोतराला हात पुसले. “घाबरू नको. वेळेवर सापडलं.”

“काय सापडलं?”

“कोळशी.”

आमच्याकडे संत्रं पिकवणाऱ्या कोणालाही हा शब्द ऐकून धडकी भरते. पानामागे आधी फिकट, मग काळे ठिपके बसतात, त्यांच्यामुळे झाड काळवंडतं, बाग हातची जाते. बाबा या किडीचे मोठे जाणकार. बोरगावपासून पार तिगावपर्यंतचे लोक त्यांना बाग दाखवायला नेतात.

“फवारे लावाले गेलो,” बाबा सांगत होते, “आन सहज पान उलटं केलं. तर काय! एका पानाले नाही, शंभराले. मंग पुरं पाह्यलं. पण एक सांगतो, एवढ्या शिस्तीची कोळशी मी जिंदगीत नाही पाह्यली. दोन्हीकडून ओळीनं बसली होती, प्रार्थनेले उभ्या केलेल्या पोट्ट्यांसारखी.”

आई पदरानं हात पुसत आली. “मी म्हणून राहिली होती, लेकराले एक फोन करा. तर म्हणतात, त्याले टेन्शन देऊ नको, आपण साफ करून देऊ. गुरुवारी दुपारपासून रातपर्यंत आम्ही दोघं बसून कापत होतो. कंबर गेली माही.”

माझा आवाज चढला. “कीड नव्हती ती बाबा! बी होतं! ठिपके आले म्हणजे पान तयार झालं! तीच पानं न्यायची होती मला! एवढी वर्षं बाग करून तुम्हाला कीड आणि बी...” पुढचं मी गिळलं, पण बरंच बोलून झालं होतं.

बाबांनी जाळीकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, “बी होतं ते?”

“हो.”

“तू सांगतलं कधी मले?”

मी सांगितलं नव्हतं. आठवड्याला एक चिठ्ठी पांढुर्ण्याला जात होती आणि पन्नास पावलांवर फळं निवडणाऱ्या माणसाला मी दीड वर्षात एक पान उलटं करून दाखवलं नव्हतं.

“कुठं टाकली?” मी हळू आवाजात विचारलं.

“नाल्याच्या काठी. जाळाची होती, पण हिरवं जळत नाही. सोमवारवर ठेवलं.”

आम्ही तिघं नाल्याकडे निघालो. मला काही आशा नव्हती. दोन दिवस ढिगात पडलेलं पान कसं असतं ते मी काकूंच्या दुकानासमोर पाहिलेलं होतं. पण तिथे ढीग नव्हताच. जांभळीच्या दाट सावलीत संत्र्याचे आठ क्रेट दोन ओळींत रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर ओली पोती घातलेली होती.

“पोती कशाला?”

“कीड उडून संत्र्यावर गेली मंग? ओल्या पोत्याखालून उडत नाही ते. सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो त्याच्यावर.”

मी पोतं काढलं. आत खाली ओलं गवत, त्याच्यावर पानांचा थर, पुन्हा गवत, पुन्हा थर. सगळे देठ एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला, एकही पान दुमडलेलं नाही. नागपूरच्या बाजारात जाणारं संत्रं जसं भरतात तसं बाबांनी जाळायचं पान भरलं होतं.

“बाबा, जाळायचंच होतं तर असं कशाला भरलं?”

बाबा जरा ओशाळले. “आता हाताले दुसरं येतच नाही, तं काय करू?”

मी एक पान उचलून गालाला लावलं. थंड होतं. देठ वाकवला, तो परत सरळ झाला. दुसरं उचललं, तिसरं उचललं. शेवटी मी खाली बसलो आणि हसायला लागलो. आईला वाटलं मी रडतोय. “अरे बाप्पा, गेलं का सगळं?” ती म्हणाली.

“नाही आई. काहीच नाही गेलं.”

पण मनात शंका होतीच. गुरुवारी कापलेलं पान रविवारच्या स्टेजवर लावायचं होतं. बाटलीत पाणी पिऊन आठवडा काढणं वेगळं आणि बिनपाण्याचं दोन दिवस पडून मग पुन्हा दिव्यांच्या उजेडात उभं राहणं वेगळं. हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी नाही म्हटलं तर हे लग्न हातचं गेलंच होतं, कारण नवी पानं पक्की व्हायला अजून महिना-दीड महिना लागला असता.

आम्ही क्रेट विहिरीच्या टाक्यापाशी आणले. देठांची टोकं नव्यानं छाटायची, पाण्यात बुडवायची आणि भुकटी सांडणारी पानं बाजूला काढायची. बाबा माझ्यासमोर बसले. प्रत्येक पान उलटं करून विचारायचे, “हे चालन?” “चालेल.” “आन हे?” “हे जास्त पिकलं, बाजूला.” दहा-पंधरा पानांनंतर त्यांनी विचारणं बंद केलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर ते माझ्या दुप्पट वेगानं निवडत होते. संत्र्याचा रंग पाहून आयुष्य गेलेला माणूस. फिकट ठिपका आणि तपकिरी ठिपका यांतला फरक त्यांना मी काय शिकवणार.

दुपारच्या बसला बाबाही आले. मी येऊ नका म्हणालो, तर म्हणाले, “मी कापलं, मी बोलणार.” कंडक्टरनं क्रेट पाहिले आणि विचारलं, “काय काका, या साली संत्रं हिरवंच तोडलं का?” बाबा म्हणाले, “तिकीट फाड.”

काकूंना मी आधी खरं सांगितलं. हे गुरुवारी कापलं आहे, मी नाही, बाबांनी, कीड समजून. काकू ऐकत राहिल्या. दुकानात शेवंतीचे ढीग पडले होते, बाहेर चौकट उभी होती, नागपूरहून फर्न मागवायची वेळ निघून गेलेली होती. त्यांनी एका क्रेटमधून वरचं पान न घेता अगदी तळातलं ओढून काढलं. झटकलं. उलटं करून भुकटी पडते का पाहिलं. गालाला लावलं. मग दुसरं क्रेट, पुन्हा तळातलं. बाबा शाळेत निकाल ऐकायला उभे असल्यासारखे हात मागे घेऊन उभे होते.

“भाऊ,” काकू म्हणाल्या, “हे तुम्ही भरलं?”

“हो जी ताई.”

“मंग दर वेळेस कीड समजूनच भरत जा. याच्या हातची जुडी सोडली का पानापानाचं भांडण झालेलं दिसते.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उभा काय राहिला? आत ठेव. बादल्या भर.”

रविवारी स्टेज उभं राहिलं. मागची पूर्ण भिंत कुरडईची, नागमोडी कडांच्या लाटा एकावर एक, मधून पांढरी शेवंती आणि अगदी थोडे लाल गुलाब. काकू एरवी कामाचं कौतुक करत नाहीत. त्या दोन पावलं मागे गेल्या, डोकं तिरकं केलं आणि म्हणाल्या, “हं.” मला पुरलं.

गुरुजी मंडपात आले, त्यांनी भिंतीला हात लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आपलं तर खऱ्या पानाचं ठरलं होतं ना? हे प्लास्टिकचं लावलं तुम्ही.”

मी काही बोलायच्या आधी बाबा पुढे झाले. धुतलेला सदरा, टोपी, जणू वरबापच. “गुरुजी, जरा मागून पाहा.” त्यांनी एक पान हळूच उलटं केलं. “हे ठिपके दिसते? बी हाय ते. प्लास्टिकले बी येते का?”

गुरुजींनी चष्मा काढून पाहिलं आणि जवळच्या चार जणांना बोलावून दाखवलं. त्यानंतर बाबा स्टेजपासून हललेच नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ते पान उलटं करून दाखवत होते. इतक्यात आमच्या ओळखीचे एक बागवाले आले, त्यांनी पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “अगा, तुह्या पोट्ट्याच्या पानाले तर कोळशी लागली!”

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. “एवढी वर्षं बाग करून राहिला,” बाबा म्हणाले, “तुले कीड आन बी समजत नाही?”

वरात आली, हार पडले, फोटो निघाले. गरम दिव्यांखाली गुलाबांनी माना टाकल्या, कुरडई ताठ होती. सोमवारी आम्ही चौकट सोडली तेव्हाही ती ताठ होती. काकूंनी त्यातली तीन पानं निवडून फळीवरच्या बाटलीत ठेवली, बाकीची शेजारच्या बायका घेऊन गेल्या. परतीच्या बसमध्ये मी दोनदा सौद्याची गोष्ट काढली. बाबा दोन्ही वेळा “पाहू” म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

दोन महिन्यांनी, नवी पानं पक्की झाल्यावर, काकूंची पुढची मागणी आली. त्या क्रेटसोबत मी जी चिठ्ठी पाठवली ती नेहमीपेक्षा लांब झाली. तिची नक्कल माझ्याजवळ आहे.

काकू,

आधी पानांचं सांगतो, मग बाकीचं. सोबत कुरडईचे तीन क्रेट आणि झालरचं एक. आज सकाळी उन्हं यायच्या आधी कापलं. कापलं मी, भरलं बाबांनी. ते मला क्रेटला हात लावू देत नाहीत. पिकलेली पानं वेगळ्या जुडीत आहेत, ती हिरव्या कपड्यावर वापरा, पांढऱ्यावर नको.

तुम्ही विचारलं होतं की बाबा काय म्हणाले. तोंडानं अजून काहीच म्हणाले नाहीत. पण काल मी विहिरीकडे गेलो तर तिथे बारा नवे खांब पडलेले होते. मी विचारलं, हे कशाचे? तर म्हणाले, जाळी पुढं वाढवाची नाही का, एवढ्याशा जागेत काय होते. कलमांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, रोपवाटिकेवाल्याला नको म्हणून कळवलं. पटवारीच्या फॉर्मची तारीख परवा निघून गेली. घरात कोणी विषय काढला नाही. आईनं त्या दिवशी शिरा केला होता, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आता रोज संध्याकाळी बाबा आणि मी जाळीत जातो आणि एकेक ओळ पाहतो. जे तुमच्याजवळ शिकलो ते त्यांना सांगतो. ते ऐकतात आणि मध्येच असं काही विचारतात की मला रात्रभर पुस्तक उघडावं लागतं. परवा त्यांनी एक झुडूप दाखवलं. कुरडईच्याच ओळीत आहे, पण कडा दुप्पट दाट आणि पान आखूड, खुर्चीच्या गुच्छाला बरोबर बसेल असं. मी इतके दिवस तिथून जातो, मला दिसलं नव्हतं. ते वेगळं लावलं आहे. तसंच राहिलं तर ती नवीच जात होईल. नाव तुम्ही ठेवा, पण पाहिल्याशिवाय नको.

एक गोष्ट समोर बोलता येत नाही म्हणून लिहितो. मी पास झालो तेव्हा सगळ्यांनी मला शाबासकी दिली. नातेवाईक, गाव, शाळेतले सर, सगळ्यांनी. माझी जुडी चार लोकांसमोर परत देणाऱ्या तुम्ही एकट्याच. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. पण मग आठवड्यानं तुम्ही फळी रिकामी केली. माझं काम वाईट आहे हे सांगून, ते चांगलं व्हावं म्हणून स्वतःची जागा देणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी हे विसरणार नाही.

तुम्ही आमची जाळी अजून पाहिलेली नाही. या शनिवारी तुम्ही जामसांवलीच्या देवळात दर्शनाला येणार आहात असं कळलं. दर्शन झालं की तिथूनच पुढं या, आईनं जेवायला बोलावलं आहे. बोरगावच्या वाटेवर उतरा, मी उभा असेन. मी नसलो तर फाटकापाशी कुत्रं भुंकेल, चावत नाही, बाबांना आवाज द्या. ते जाळीतच असतात.